डोक्यावर ऊन आणि ओढ्याला लोंढा: वळवाच्या दिवसांत डोंगरपायथ्याचा अंदाज

प्रश्न थोडक्यात असा आहे: "भोर-वेल्हे भागात डोंगराच्या पायथ्याशी एप्रिल-मे महिन्यांत आम्ही शाळकरी मुलांची शिबिरं घेतो. तंबू ओढ्याकाठच्या सपाटीवर असतात, ओढा तेव्हा कोरडाच असतो. मोबाइलवर 'पावसाची शक्यता ४० टक्के' असं दिसतं. वळीव येणार का, आणि आला तर ओढ्याला पूर येईल का, हे किती आधी आणि कशावरून ओळखायचं?"

आधी तंबू हलवा. हवामानाचं सगळं खाली सांगतो, पण ते शिकून तंबू ओढ्याकाठीच ठेवायचे असतील तर त्या शिकण्याचा उपयोग नाही. तुम्ही ज्याला सपाटी म्हणता ती ओढ्यानेच आणून पसरलेल्या गाळाची आणि गोट्यांची आहे. ओढा डोंगरातून बाहेर पडतो, त्याचा उतार एकदम कमी होतो आणि जवळचं ओझं तो तिथे टाकतो. जागा पंख्यासारखी पसरट, मऊ, सावलीची, म्हणून तंबूला छान वाटते. स्पेनमध्ये पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी बिएस्कास इथला तंबूतळ अशाच पंख्यावर होता. ७ ऑगस्ट १९९६च्या संध्याकाळी वरच्या अरुंद घळीवर गडगडाटी पाऊस झाला आणि खाली ८७ माणसं गेली.

आता ४० टक्क्यांचं. हा आकडा तुमच्या ओढ्याचा नाही. भारतीय हवामान विभागाने मे २०२५मध्ये सुरू केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम सहा किलोमीटरच्या चौकटींत हिशेब करते, त्याआधीचं मॉडेल बारा किलोमीटरचं होतं. वळवाचा एक ढग साधारण पाच-दहा किलोमीटर रुंद असतो. डोंगराच्या सोंडेच्या अलीकडच्या खोऱ्यात पाणीच पाणी आणि पलीकडे धूळ, हे आपल्याकडे दर उन्हाळ्यात दिसतं. त्यामुळे "आज भोर तालुक्यात गडगडाट होईल का" याचं बऱ्यापैकी उत्तर आदल्या दिवशी मिळतं. "कुठल्या ओढ्यावर" याचं उत्तर ढग उभा राहीपर्यंत कुणालाच देता येत नाही. आधी येतो तो दिवसाचा अंदाज, ओढ्याचा अंदाज मागाहून आणि फार उशिरा येतो. हा उशीर किती, ते पुढे आकड्यांत दाखवतो.

दिवसाचा अंदाज बांधताना मी पहिल्यांदा वारा पाहतो. एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रावर दोन हवा एकमेकींना भिडतात. वायव्येकडून कोरडी तापलेली हवा येते, आणि बंगालच्या उपसागराकडून आग्नेय-दक्षिण वाऱ्यांबरोबर दमट हवा येते. जिथे त्या भिडतात तिथे विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकाच्या अंतर्भागातून दक्षिणेकडे एक रेषा तयार होते. वर्तमानपत्रांत तिला 'वारा खंडितता' किंवा 'द्रोणीय रेषा' म्हणतात. ही रेषा पश्चिमेला सरकून घाटाजवळ आली की मावळपट्ट्यात ढग उभे राहायला लागतात. शिवाय समुद्रावरचा वारा संध्याकाळकडे घाट चढून देशावर येतो आणि आधीच तापलेल्या हवेला खालून दमटपणा देतो. म्हणूनच आपल्याकडचा वळीव बहुधा दुपारी तीन ते रात्री आठच्या दरम्यानचा.

दुसरी गोष्ट दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की दव धरायला लागतं ते तापमान. सामान्य माणसाच्या हाती असलेलं हे सर्वांत उपयोगी माप आहे आणि त्याकडे कुणी पाहत नाही, याचं मला वाईट वाटतं. आर्द्रतेची टक्केवारी तापमानाबरोबर दिवसभर खाली-वर होते. दवबिंदू मात्र हवेत प्रत्यक्षात बाष्प किती आहे ते सांगतो. दुपारी एक-दोनच्या सुमाराचं तापमान घ्या, त्यातून दवबिंदू वजा करा आणि उत्तराला १२५ने गुणा. ढगाचा तळ जमिनीपासून साधारण किती मीटर वर असेल, ते मिळतं. तापमान ३९ आणि दवबिंदू १५ असेल तर फरक २४, म्हणजे तळ तीन हजार मीटरवर. तापमान ३३ आणि दवबिंदू २१ असेल तर तळ दीड हजार मीटरवर.

या दोन दिवसांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या दिवशी ढगातून निघालेलं पाणी तीन किलोमीटर कोरड्या हवेतून खाली येतं आणि वाटेत बरंचसं वाळून जातं. वाळताना ते हवा गार करतं. ती जड झालेली हवा खाली आदळून चहूकडे पसरते. धुळीचं वादळ, उडालेले पत्रे, मोडलेल्या फांद्या, गारा, विजा हे सगळं त्या दिवसाचं. आवाज मोठा, पाणी कमी. दुसऱ्या दिवशी तळ खाली असतो, थेंबाला वाळायला वेळ मिळत नाही आणि ढगातलं पाणी जवळजवळ सगळं जमिनीवर येतं. गडगडाट कदाचित कमीच असतो. लोक पहिल्या दिवसाला घाबरतात आणि दुसऱ्या दिवशी "बरं झालं, जरा गारवा आला" म्हणत ओढ्याकाठी बसतात. ओढ्याला लोंढा येतो तो दुसऱ्या दिवशी. मेच्या शेवटच्या आठवड्यात, रोहिणी नक्षत्र लागलं की असे दिवस वाढत जातात. एप्रिलमधल्या आणि रोहिणीतल्या वळवाला मी एकाच मापाने कधीच मोजत नाही.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची: ढग चालणार की थांबणार. ढगाला ढकलतो तो तीन ते सहा किलोमीटर उंचीवरचा वारा. विंडीसारख्या ॲपमध्ये ७०० आणि ५०० हेक्टोपास्कल या हवेच्या दाबाच्या पातळ्या निवडल्या की तो दिसतो. तोंडी हिशेब करा. ढग दहा किलोमीटर रुंद आहे आणि ताशी चाळीस किलोमीटरने चालला आहे, तर एका जागेवर तो पंधरा मिनिटं बरसेल. तोच ढग ताशी दहा किलोमीटरने सरकला तर पूर्ण तासभर. पावसाचा जोर दोन्ही वेळा ताशी साठ मिलिमीटर धरला, तर पहिल्या वेळी पंधरा मिलिमीटर पाणी पडतं, दुसऱ्या वेळी साठ. ढग तोच, जोर तोच, पाणी चौपट.

डोंगर असला की यात भर पडते. सह्याद्रीच्या मुख्य कण्यापासून पूर्वेकडे सोंडा निघतात, सिंहगड-भुलेश्वर रांग त्यातलीच. या सोंडांचे उतार सकाळपासून तापतात आणि हवा उताराने वर चढायला लागते. पहिला ढग बरसला की त्याची गार हवा पायथ्याकडे पसरते, सोंडेला अडते आणि समोरून येणाऱ्या दमट हवेला पुन्हा वर ढकलते. मग जुना ढग पुढे सरकतो न सरकतो तोच त्याच्या मागे त्याच जागी नवा ढग उभा राहतो. दुरून पाहणाऱ्याला वाटतं, एकच ढग हट्टाने तिथे बसला आहे. अमेरिकेत साउथ डकोटामध्ये ब्लॅक हिल्सच्या पायथ्याशी रॅपिड सिटी शहर आहे. ९ जून १९७२च्या संध्याकाळी तिथे हेच झालं. खालून दमट पूर्ववारा डोंगराला भिडत राहिला, वरचा वारा मंद होता, ढग जागचे हलले नाहीत. काही ठिकाणी सहा तासांत ३८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला आणि २३८ माणसं मेली. नव्या मुलांना शिकवताना मी ही घटना नेहमी घेत आलो. 'प्रचंड वादळ' असं नाव देण्यासारखं त्या दिवशी आकाशात काही नव्हतं, वरचा वारा मंदावला होता एवढंच.

म्हणून वरचा वारा ताशी वीस किलोमीटरच्या आत, दुपारचा दवबिंदू वीसच्या आसपास आणि हवेच्या पूर्ण स्तंभातलं बाष्प (जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या बाष्पाचं पाणी केलं तर त्याची उंची) चाळीस मिलिमीटरच्या पुढे, हे तिन्ही एका दिवशी जुळून आले तर माझ्यासाठी तो दिवस ओढ्याचा. मग हवामान विभागाचा इशारा पिवळा असो की नारिंगी. त्या रंगामागे जिल्ह्याचा विचार असतो आणि जिल्हा मोठा असतो. बाष्पाचा आकडा हवा मोजायला वर सोडलेल्या फुग्याच्या नोंदीतून मिळतो. मुंबई, गोवा, नागपूर अशा केंद्रांवरून सकाळी आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेळेचे फुगे सोडतात. त्यांच्या नोंदी वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. सवय व्हायला एक उन्हाळा लागतो, पण तुम्ही दरवर्षी मुलं घेऊन जाता, तर एक उन्हाळा द्याच.

आता ओढा. तुमच्या तंबूवर किती पाऊस पडतो याला जवळजवळ काही महत्त्व नाही. नकाशावर ओढ्याचा उगम शोधा, दोन्ही बाजूंच्या डोंगरधारांवरून पाणलोटाची रेषा काढा आणि आतलं क्षेत्र मोजा. समजा दहा चौरस किलोमीटर निघालं. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. दहा चौरस किलोमीटरवर तासात साठ मिलिमीटर पडला आणि त्यातलं चाळीस टक्केच वाहिलं, तरी चोवीस कोटी लिटर होतात. ते तासाभरात खाली यायचं म्हणजे सेकंदाला सरासरी सदुसष्ट हजार लिटर, आणि लोंढ्याचा माथा सरासरीच्या कितीतरी वर असतो. सकाळी मुलं ज्या ओढ्यातून चप्पल न भिजवता पलीकडे गेली, तोच हा ओढा.

आणि वेळ किती? पाणी उगमापासून तुमच्यापर्यंत यायला लागणारा वेळ काढायला अभियंते किरपिच यांचं जुनं सूत्र वापरतात. पाच किलोमीटर लांबीचा, चारशे मीटर उतरणारा ओढा घेतला तर उत्तर येतं साधारण पस्तीस मिनिटं. मुळशी, वेल्हे, भोर इथले कितीतरी ओढे या मापाचे आहेत. मघाशी म्हटलं तो उशीर हाच. ढग कुठल्या पाणलोटावर उभा राहिला हे कळल्यावर हातात अर्धा-पाऊण तास उरतो, तोही तुम्ही त्या क्षणी पाहत असाल तर. चाळीस मुलं, चार शिक्षक आणि अंधार पडायची वेळ असेल, तर पस्तीस मिनिटं पुरत नाहीत.

वाहून येणारं पाणी चाळीस टक्केच का धरलं, हेही विचाराल. ते जमिनीवर अवलंबून आहे, आणि उन्हाळ्यातली जमीन फसवी असते. देशावरची काळी माती मेमध्ये भेगाळलेली असते, पहिला वळीव त्या भेगा गट्ट करून टाकतात. म्हणून शेतकरी म्हणतो, पहिल्या पावसाने ओढा येत नाही, आणि सपाटीवर ते खरंही असतं. पण तुमच्या ओढ्याचा उगम काळ्या मातीत नाही, कातळात आहे. उतारावर मुरुमाचा पातळ थर, त्यावरचं गवत फेब्रुवारी-मार्चच्या वणव्यात जळून गेलेलं. अशा उतारावर पाणी मुरायला जागा नसते. शिवाय वर्षभराचा पाचोळा, जळकी झुडपं, टाकलेला राडारोडा हे सगळं पहिल्या लोंढ्याबरोबर निघतं आणि रस्त्याखालच्या मोरीत अडकतं. मोरी तुंबली की मागे पाणी साठतं, आणि ती फुटली की भिंतीसारखं येतं. पहिल्याच वळवात हे जास्त होतं, नंतरच्या पावसांत ओढा धुऊन निघालेला असतो.

माझी एक चूक सांगतो. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. मेच्या अखेरीस एका गिर्यारोहण गटाने संध्याकाळी पाचच्या सुमारास फोन करून विचारलं. शहरात ऊन होतं, आसपासच्या पर्जन्यमापकांत शून्य. त्यांच्या डोक्यावरही आभाळ बरंचसं मोकळं होतं. मी सांगितलं, काळजीचं काही दिसत नाही. सहा वाजून गेल्यावर कोरड्या ओढ्यातून लाल पाणी आलं, तंबू, भांडी, पाठपिशव्या सगळं गेलं. माणसं वरच्या वाडीतल्या देवळाकडे चहाला गेली होती, म्हणून वाचली. सोंडेमागे, त्यांच्यापासून सात किलोमीटर वर, ढग पाऊण तास उभा होता. पर्जन्यमापक होते ते गावात आणि शहरात, उगमाजवळ एकही नव्हता. शून्य हा आकडा बरोबर होता, चुकीच्या जागेचा होता. त्यानंतर कुणीही फोन केला की मी आधी विचारतो, ओढा कुठून येतो, आणि तिकडचं आभाळ आत्ता कसं आहे.

रडारबद्दल लोकांचा फार विश्वास असतो, म्हणून थोडं सांगतो. रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळत जाते. त्यामुळे अंतर वाढेल तसा झोत जमिनीपासून उंच होत जातो. मुंबईच्या किनाऱ्यावरून अर्ध्या अंशाने सोडलेला झोत सत्तर किलोमीटरवर साधारण नऊशे मीटर उंचीवर असतो, आणि घाटमाथ्याचे कडे तेवढेच उंच आहेत. कड्याला झोत अडला की पलीकडचं पाहायला वरचा झोत घ्यावा लागतो. एक अंशाचा झोत एकशे तीस किलोमीटरवर सव्वातीन किलोमीटर वर गेलेला असतो. म्हणजे घाटापलीकडच्या खोऱ्यात रडारला ढगाचं डोकं दिसतं, पोट दिसत नाही. उंच वाढलेला, गारांचा ढग त्यात लाल-जांभळा उठून दिसतो. खालच्या खाली भरपूर पाणी ओतणारा ढग मात्र साधा पिवळा दिसू शकतो. रडारवर लाल नाही म्हणून ओढा सुरक्षित, असा अर्थ काढू नका. एकाच जागी रंग अर्धा तास टिकून आहे का, ते पाहा. लागोपाठच्या चित्रांत डाग हलत नसेल तर मला तिथे भडक रंगापेक्षा जास्त काळजी वाटते.

हवामान विभागाचा तीन तासांचा तातडीचा अंदाज मात्र दुपारनंतर पाहत राहा. ऑक्टोबर २०२०पासून दक्षिण आशियासाठी आकस्मिक पुराची मार्गदर्शन प्रणालीही चालू आहे. ती चार किलोमीटरच्या पाणलोटांपर्यंत उतरून सहा तास आधी धोका आणि चोवीस तास आधी जोखीम सांगते. जमीन आधीच किती ओली आहे, हेही ती धरते. तिचे इशारे जिल्हा प्रशासनाकडे जातात. शिबिराच्या आधी तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा फोन नंबर घेऊन ठेवा आणि तिथल्या माणसाला एकदा भेटून या. ओळखीच्या माणसाला फोन लवकर येतो.

विजेचं लवकर उरकतो, पण हलकं समजू नका. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप ठेवा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ असेल तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. मुलांना पक्क्या इमारतीत न्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर सोडू नका. तंबू म्हणजे आसरा नव्हे, झाड तर नव्हेच.

दुपारी एकदा स्वतः आभाळाकडे पाहा, आणि पाहायचं ते उगमाच्या दिशेला. बारा-एकच्या सुमारास धारेवर कापसाच्या गोळ्यांसारखे ढग येतात. ते पसरून चपटे होत असतील तर वर उबदार हवेचं झाकण आहे आणि अजून वेळ आहे. पण झाकण बराच वेळ टिकलं म्हणजे दिवस सुटला असं नाही, दुपारी तीन-चारला ते फुटलं तर खाली साठलेलं सगळं एकदम वर जातं. ढगाच्या कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या ठळक, फुगीर असतील तर तो अजून वाढतो आहे. माथा धूसर, तंतूतंतू झाला की वर बर्फ तयार झालं, पुढच्या काही मिनिटांत पाऊस. ऐरणीसारखा पसरलेला माथा तुमच्याकडे आला म्हणून पाऊस तुमच्याकडे येतोच असं नाही, माथ्याला फार वरचा वारा ओढतो. पाहायचा तो तळ. उगमावर काळा तळ आणि त्याखाली धारांचा पडदा दिसला, आणि दहा मिनिटांनी तो त्याच सुळक्यासमोर दिसला, तर त्याच क्षणी मुलं वर न्या. पाणी गढूळ होणं, पाचोळा वाहून येणं, दगड गडगडल्याचा आवाज, या खुणा खऱ्या आहेत, पण त्या दिसतात तेव्हा मिनिटं उरलेली असतात. रात्री तर त्या दिसतही नाहीत. २५ सप्टेंबर २०१९ला पुण्यात आंबिल ओढ्याचा पूर रात्रीच आला होता. मोसम वेगळा होता, पण ढग याच जातीचे होते, डोंगराकडून उतरणारे आणि थोड्या वेळात फार पाणी टाकणारे.

तंबूची नवी जागा शोधताना ओढ्याच्या दोन्ही काठांवरची झुडपं पाहा. फांद्यांत अडकलेला वाळका काडीकचरा, प्लास्टिकच्या चिंध्या जिथवर दिसतील, तिथवर पाणी येऊन गेलेलं आहे. त्याच्या वर किमान दोन पुरुष उंच जागा घ्या. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ओढा कधी कुठवर आला होता. धनगरांचे वाडे उन्हाळ्यात कुठे बसतात तेही पाहा, मेंढरं घेऊन पिढ्यान्‌पिढ्या फिरणारी ती माणसं ओढ्याच्या पात्रात सहसा मुक्काम करत नाहीत.

तंबू आणि मोटाररस्ता ओढ्याच्या एकाच बाजूला हवेत. मध्ये फरशी पूल असेल तर पाणी आल्यावर तो ओलांडायचा नाही, मुलांचे पालक पलीकडे उभे राहून हाका मारत असले तरीही. घोट्याच्या थोडं वर, पंधरा सेंटिमीटर वेगाचं पाणी मोठ्या माणसाला पाडतं, साठ सेंटिमीटर पाणी जीप वाहून नेतं. एका रात्रीचा शिधा, पिण्याचं पाणी आणि कोरडे कपडे वरच्या शाळेत किंवा देवळात पहिल्याच दिवशी नेऊन ठेवा. एवढ्या लहान पाणलोटाचा लोंढा वरचा पाऊस थांबल्यावर बहुतेकदा काही तासांत ओसरतो. उजाडल्यावर फरशीचे दोन्ही कठडे दिसायला लागले की एका मोठ्या माणसाने आधी काठी टेकत जाऊन मधला भाग खचला नाही ना ते पाहावं, आणि मग मुलांना सोडावं.